शोरूम, मेस्त्री की आपले अंगण? गाडीच्या सर्व्हिसिंगचा निर्णय कामागणिक कसा घ्यावा

नव्या गाडीच्या फ्री सर्व्हिस संपल्या की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरांत एक चर्चा हमखास सुरू होते. यापुढे गाडी शोरूमलाच टाकायची, उद्यमबागेतल्या (बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या) ओळखीच्या मेस्त्रीकडे न्यायची, की जमेल तेवढे घरीच करायचे? शोरूमचे बिल मोठे वाटते, मेस्त्रीची खात्री वाटत नाही आणि स्वतः हात घालायचा तर बोनेट उघडल्यावर कुठून सुरुवात करावी ते उमगत नाही. माझ्या मते अडचण प्रश्न मांडण्याच्या पद्धतीतच आहे. सर्व्हिसिंग म्हणजे एक काम नाही. टायरमधली हवा पाहण्यापासून ब्रेक फ्लुइड बदलण्यापर्यंतची ती वीस-पंचवीस वेगवेगळी कामे असतात आणि त्या सगळ्यांसाठी एकच माणूस किंवा एकच जागा योग्य असण्याचे कारण नाही. म्हणून निर्णय गाडीपुरता एकदाच न घेता प्रत्येक कामापुरता घ्यावा. तो घेताना स्वतःला एकच गोष्ट विचारावी: या कामात चूक झाली, तर ती मला कुठे कळेल? घरच्या अंगणात कळणार असेल तर ते काम शिकून घ्यायला हरकत नाही. गोव्याकडच्या चोर्ला घाटाच्या उतारावर कळणार असेल तर ते जाणकाराच्याच हाती द्यावे.

पहिली पायरी: पुस्तिका आणि वॉरंटी

गाडीबरोबर मिळालेली ओनर्स मॅन्युअल आणि वॉरंटीची पुस्तिका बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या खणात प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट पडून असते. ती बाहेर काढून तीन गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात: वॉरंटी किती वर्षे किंवा किती किलोमीटरपर्यंत आहे, सर्व्हिसिंग किती अंतराने सांगितले आहे आणि इंजिन ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) व ब्रेक फ्लुइड यांचे कोणते प्रकार सांगितले आहेत. आजकालच्या पुष्कळ पेट्रोल गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असा नियम असतो. महिन्यातून चार वेळा बाजारापुरती निघणारी गाडी दहा हजारांची वाट पाहत दोन-दोन वर्षे तशीच ठेवली जाते. तिच्या बाबतीत वर्षाची अट आधी लागू होते हे विसरता कामा नये. फ्री सर्व्हिसमध्ये मजुरी माफ असते, ऑइल-फिल्टरचे पैसे द्यावेच लागतात, हेही आधीच ठाऊक असलेले बरे.

वॉरंटी चालू असेपर्यंत ठरलेले प्रत्येक सर्व्हिसिंग अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला होता. सुटे भाग खुल्या बाजारात उपलब्ध व्हावेत आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, अशी भूमिका आयोगाने घेतली. निकालाविरुद्ध कंपन्या अपिलात गेल्या. तत्त्व म्हणून हा निकाल मोलाचा आहे, पण इंजिनचे किंवा गिअरबॉक्सचे मोठे काम निघाले की सर्व्हिस सेंटरचा माणूस पहिल्यांदा सर्व्हिसिंगची नोंद तपासतो. दोन-तीन हजार वाचवण्यासाठी त्या वेळी वाद अंगावर ओढवून घेण्यात शहाणपण नाही. मात्र हवा पाहणे, वायपर बदलणे, एसीचा केबिन फिल्टर साफ करणे यांसारखी कामे वॉरंटीतही घरी करता येतात.

सीमाभागातल्या माणसाला इथे एक सोय आहे. कंपनीची वॉरंटी देशभरातल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चालते आणि गाडी केए-२२ ची (बेळगाव) असो वा केए-२३ ची (चिकोडी), राज्याच्या सीमेचा तिच्याशी संबंध नसतो. निपाणीकराला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते, अथणी-कागवाडकडच्यांना मिरज-सांगली सोयीची असते. जिथे गाडी घेतली तिथेच ती न्यावी लागते, हा समज चुकीचा आहे.

दुसरी पायरी: आपली गाडी कुठे फिरते ते पाहणे

पुस्तिकेतले वेळापत्रक सर्वसाधारण वापरासाठी असते. पुष्कळ पुस्तिकांत पुढच्या पानांवर खडतर वापरासाठी वेगळा तक्ता दिलेला असतो. धूळ, चढउतार, सततचे छोटे पल्ले आणि चिखल-पाणी यांचा त्यात विचार केलेला असतो आणि अंतर कमी सांगितलेले असते. आपल्या भागातल्या किती गाड्या या दुसऱ्या तक्त्यात मोडतात, याचा प्रत्येकाने प्रामाणिकपणे विचार करावा.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात पावसाळाभर तांबडा चिखल चाकांच्या आत, ब्रेकच्या आसपास आणि गाडीच्या पोटाखाली साचून राहतो. चिकोडी, रायबाग, अथणीकडे त्रास उलटा आहे. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यांवर धूळ तासन् तास हवेत तरंगत राहते. एका हंगामानंतर मी उगारकडच्या एका नातलगाच्या गाडीचा एअर फिल्टर उघडला. कागदी घड्यांमध्ये पिठासारखी काळसर धूळ दाबून बसली होती, डब्याच्या तळाशी उसाच्या वाळल्या पाचटाचे तुकडे होते आणि कोपऱ्यात उंदराने कापूस-चिंध्या आणून घर करायला घेतले होते. शेजारच्या वायरचे वरचे आवरण कुरतडलेले होते. शेवटच्या सर्व्हिसिंगला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. मळ्यातल्या घरात गाडी उभी राहत असेल, तर महिन्यातून एकदा बोनेट उघडून टॉर्चने पाहणे हे कोणत्याही शोरूमच्या तपासणीपेक्षा उपयोगाचे आहे, कारण शोरूम वर्षातून एकदा पाहते आणि उंदीर रोज येतो.

तिसरी पायरी: कामांची विभागणी

आता 'चूक कुठे कळेल' या सुरुवातीच्या प्रश्नाच्या कसोटीवर एकेक काम लावून पाहावे.

टायरची हवा, वॉशरचे पाणी, वायपरची रबरे, दिव्यांचे बल्ब, ऑइल आणि कूलंटची पातळी, एअर फिल्टर आणि केबिन फिल्टर ही कामे घरची आहेत. त्यांत चूक झाली तर ती लगेच दिसते आणि बहुधा फुकटात दुरुस्त होते. हवा टायर थंड असतानाच पाहावी. चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर आकडा लिहिलेला असतो, पंपवाल्याच्या अंदाजावर विसंबू नये. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली की कायद्यानेही टायर बाद होतो, पण पावसाळ्यात घाटात उतरणाऱ्याने तिथवर थांबू नये. कूलंटच्या बाबतीत आपल्याकडे एक चूक सर्रास होते. पातळी कमी दिसली की बोअरचे पाणी ओतले जाते. बोअरच्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात आणि कूलंटमधली गंज रोखणारी रसायने पातळ होतात. पुस्तिकेत सांगितलेला तयार कूलंटच घालावा, रंग जुळला म्हणून प्रकार जुळला असे समजू नये आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. पातळी पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर भर घालत बसण्यापेक्षा गळती शोधून घ्यावी.

ब्रेकचे काम मात्र घरी करू नये. त्याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. ब्रेक फ्लुइड हवेतली वाफ हळूहळू शोषून घेते. डॉट ३ आणि डॉट ४ हे या फ्लुइडचे डब्यावर लिहिलेले प्रकार. कोरड्या अवस्थेत डॉट ३ प्रकाराचा उत्कलनबिंदू किमान २०५ आणि डॉट ४ चा २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण पाणी शोषले गेल्यावर मानकानुसार हीच मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. तिथून गोव्याकडे किंवा आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरताना जो चालक गिअर न उतरवता पाय ब्रेकवरच ठेवतो, त्याची चाके तापतात, जुने फ्लुइड उकळते आणि नळीत वाफ धरते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल स्पंजासारखे आत जाते आणि गाडी थांबत नाही. गावातल्या सपाट रस्त्यावर हेच फ्लुइड वर्षभर काहीही लक्षण न दाखवता चालते. म्हणजे ही चूक अंगणात कळतच नाही. म्हणून पुस्तिकेतल्या मुदतीप्रमाणे, पुष्कळ गाड्यांत दर दोन वर्षांनी, फ्लुइड बदलून ब्रेकच्या नळ्यांतली हवा पूर्ण काढून घ्यावी आणि तेही ज्याच्याकडे याची रीतसर साधने आहेत त्याच्याकडूनच. ब्रेक पॅडची जाडी मात्र चाकाच्या फटीतून टॉर्चने आपण स्वतः पाहू शकतो.

एअरबॅग, स्टिअरिंग, टायमिंग बेल्ट, एसीचा गॅस, हायब्रिड गाडीतल्या नारिंगी आवरणाच्या, उच्च दाबाच्या विजेच्या केबली आणि सीएनजीची टाकी-नळ्या यांना घरी हात लावू नये. सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणीही मान्यताप्राप्त केंद्रातच करून घ्यावी. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाचे निकष) डिझेल गाड्यांमध्ये धुराचा फिल्टर असतो आणि चुकीच्या प्रकारच्या ऑइलमुळे तो कायमचा चोंदू शकतो. डिझेलवाल्यांनी ऑइलचा डबा घेताना नुसता ग्रेडचा आकडा न पाहता त्यावरचा मानकाचा उल्लेख पुस्तिकेशी शब्दशः जुळवावा.

या दोन टोकांच्या मध्ये जे उरते ते चांगल्या मेस्त्रीचे काम: वॉरंटी संपल्यानंतरचे ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश, क्लच, व्हील बेअरिंग. बेळगावात उद्यमबागेच्या कारखान्यांमुळे लोखंडाची जाण असलेले हात पिढ्यान् पिढ्या तयार झालेले आहेत आणि जुन्या गाडीच्या यांत्रिक कामात ते कुठेही कमी पडत नाहीत. मेस्त्री निवडताना त्याच्याकडे टॉर्क पाना (ठरलेल्या मापाइतकेच आवळणारा पाना) आहे का, तो वापरतो का, आणि तुमच्या गाडीचा संगणकीय दोष वाचण्याचे यंत्र आहे का, हे पाहावे. काढलेला जुना भाग न मागता हातात ठेवणारा मेस्त्री सहसा सोडू नये.

चौथी पायरी: बिलाचे खरे वाचन

शोरूमचे बिल महाग आहे की नाही हे एकूण रकमेवरून कळत नाही. मागचे बिल समोर घेऊन त्याचे तीन भाग करावेत. पहिला भाग पुस्तिकेने सांगितलेल्या वस्तूंचा: ऑइल, फिल्टर, वायसर (गळती रोखणारी चकती). दुसरा मजुरीचा, ज्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. तिसरा भाग पुस्तिकेत नसलेल्या कामांचा असतो: इंजिन फ्लशिंग, इंजिन ड्रेसिंग, एसीचे जंतुनाशक फवारे, रबिंग-पॉलिश, निरनिराळी कोटिंग. पहिल्या दोन भागांत आपली बचत फारशी होत नाही, कारण चांगले ऑइल बाहेरही जवळपास त्याच भावाने मिळते. बिल फुगते ते तिसऱ्या भागामुळे, आणि तो भाग शोरूम न सोडताही टाळता येतो. घरी काम करण्याआधी पुष्कळांनी एवढे केले तरी त्यांचा प्रश्न मिटेल. कणकुंबीसारख्या पावसाच्या भागात गाडीच्या पोटाला गंजरोधक कोटिंग देणे मात्र मी व्यर्थ मानत नाही. ते एकदा नीट करून घ्यावे, दर वर्षी नव्याने नको.

गाडी टाकताना जॉब कार्डावर (करायच्या कामांच्या यादीवर) सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचावी. ते बहुधा इंग्रजीत असते. शब्द कळला नाही तर समोरच्याला मराठीत किंवा कानडीत समजावून सांगायला लावावे, त्यात संकोच बाळगण्यासारखे काही नाही. 'पुस्तिकेतील कामेच करावीत, जास्तीच्या कामासाठी फोन करून विचारावे, बदललेले भाग परत द्यावेत' एवढे तीन मुद्दे त्याच कार्डावर लिहून घ्यावेत.

पाचवी पायरी: पहिल्यांदा ऑइल बदलताना

वॉरंटी संपलेली साधी पेट्रोल गाडी असेल आणि हाताला कामाची सवय असेल, तर ऑइल बदलणे शिकण्यासारखे आहे. लागणारे सामान थोडे आहे: पुस्तिकेतल्या ग्रेडचे ऑइल (पुष्कळ नव्या पेट्रोल गाड्यांत ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३०), नवा फिल्टर, ड्रेन प्लगचा (ऑइल सोडण्याच्या तळाच्या बुचाचा) नवा वायसर, योग्य मापाचा रिंग पाना, फिल्टरचा पाना, पसरट घमेले, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लोखंडी जॅक-स्टँडची जोडी. गाडीतल्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. तांबड्या मातीच्या किंवा सारवलेल्या अंगणात स्टँडचे पाय रुततात, म्हणून हे काम सिमेंटच्या सपाट जागेवरच करावे, हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना दगड लावावेत.

इंजिन पाच मिनिटे चालवून बंद करावे, म्हणजे कोमट ऑइल लवकर उतरते. वरचे झाकण उघडून खालचा ड्रेन प्लग सैल करावा आणि शेवटचे आटे बोटांनी सोडवावेत. धार सुरुवातीला तिरकी पडते, त्यामुळे घमेले थोडे पुढे सरकवून ठेवावे. ऑइल ठिबकायचे थांबले की नवा वायसर घालून प्लग आधी हातानेच बसवावा. तो हाताने सरळ फिरत नसेल तर आटे तिरके लागलेले आहेत, काढून पुन्हा लावावा. शेवटचा कस पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्यानेच द्यावा. माझ्या आधीच्या गाडीचा प्लग एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये हवेच्या दाबावर चालणाऱ्या आवळण्याच्या यंत्राने आवळला गेला होता. पुढच्या वेळी तो काढताना चेंबरचे (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याचे) आटेच बाहेर आले आणि संपूर्ण चेंबर बदलावा लागला. त्यानंतर हे काम मी कधीही दुसऱ्यावर सोपवलेले नाही.

फिल्टर काढल्यावर त्याचे जुने रबर इंजिनला चिकटून राहिले नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. जुन्यावर नवे रबर बसले तर इंजिन सुरू होताच ऑइल फवाऱ्यासारखे बाहेर पडते. नव्या फिल्टरच्या रबराला नवे ऑइल पुसावे, फिल्टर टेकेपर्यंत फिरवावा आणि मग फिल्टरवर छापलेल्या सूचनेप्रमाणे, साधारण पाऊण फेरा, हाताने आवळावा. पुस्तिकेतल्या मापापेक्षा थोडे कमी ऑइल घालावे, इंजिन मिनिटभर चालवावे, पाच मिनिटे थांबावे आणि डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहून उरलेले थोडेथोडे घालावे. ऑइल वरच्या खुणेच्या पलीकडे जाऊ देऊ नये. रात्री इंजिनखाली मोठा कोरा पुठ्ठा अंथरून ठेवावा. सकाळी त्यावर एकही थेंब नसेल तर काम बरोबर झाले. चूक अंगणात कळते असे मी वर म्हटले, ते हेच.

उतरलेले ऑइल धोकादायक कचऱ्यात मोडते. ते गटारात किंवा उसाच्या सरीत ओतू नये, कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी फासू नये. ते विहिरीच्या पाण्यापर्यंत पोहोचते. नव्या ऑइलच्याच रिकाम्या डब्यात भरून, वापरलेले ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी पाठवणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. ही सोय आपल्या जवळ नसेल, तर ऑइल बदलण्याचे काम गॅरेजलाच द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

सहावी पायरी: नोंदवही

घरी केलेल्या कामाची नोंद कोणताही संगणक ठेवत नाही. एका वहीत तारीख, किलोमीटर, काय बदलले, कोणत्या ग्रेडचे आणि किती लिटर, हे प्रत्येक वेळी लिहावे आणि सामानाची बिले मागे टाचून ठेवावीत. सीमाभागात गाडी विकताना गिऱ्हाईक कोल्हापूरचे असू शकते, गोव्याचेही असू शकते. गाडीला परराज्यात नेण्याची कटकट पत्करणारा माणूस तिचा इतिहास बारकाईने विचारतो. शोरूमच्या नोंदी त्याला तिथल्या संगणकावर दिसतात, आपल्या नोंदी आपणच दाखवाव्या लागतात. दुकानातून मिळणारे यंत्रावरचे गुळगुळीत बिल डॅशबोर्डच्या उन्हात काही महिन्यांतच कोरे पडते, म्हणून त्याचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा.